स्पर्धकाचा रकाना

सकाळी आत्याबाई वाफ्यापाशी गेल्या तेव्हा रोपं उभी होती. दहाला त्यांनी माना टाकल्या आणि बारापर्यंत आडवी झाली. मी माझ्या लेकीला, ठकीला, कडेवर घेऊन मागच्या दारात उभी होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसून त्या झारीनं पाणी घालत होत्या. पाणी मातीवर पडे आणि नाहीसं होई. ओल दिसायलाही थांबत नव्हती.

"तापल्या मातीत पाणी नका घालू," मी म्हणाले. "मुळं उकडतात."

"कॉलेजात शिकवलं?"

"हो."

"मग उन्हालाही घाल म्हणावं त्या कॉलेजात."

त्यांनी एक रोप दोन बोटांत धरून उचललं. बुडाशी ते दोऱ्याएवढं बारीक आणि काळं झालं होतं. इकडे तिकडे बघून त्यांनी ते पुन्हा मातीत टोचलं आणि भोवतीनं माती दाबली.

त्या हंगामात गावभर हेच चाललं होतं. चाळीस दिवस आभाळात ढग नव्हता. दुपारी वारा सुटे तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. विहिरींना पाणी होतं, पण कोवळ्या रोपाला नुसतं पाणी पुरत नाही. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, ज्यानं त्यानं दोनदा बी टाकलं आणि दोनदा जाळलं. आणि स्वतःचं जळालं की माणूस आमच्या दारात येई, कारण आत्याबाईंच्या वाफ्यातलं रोप कधी मेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या हाताला गुण आहे म्हणत. आलेल्याला त्या मूठभर रोपं उपटून देत, मुळांची माती झटकून, ओल्या फडक्यात गुंडाळून. कुणी खिशात हात घातलाच तर अंगावर जात. "रोप विकलं की हाताचा गुण जातो. ठेव ते खिशात." त्या बदल्यात कुणी खुरपणीला एक दिवस येई, कुणी सरपण टाकून जाई, कुणी काहीच करत नसे. सगळ्यांना मूठ सारखीच.

माझी रोपं मात्र पडवीत होती. ठकीच्या मच्छरदाणीत.

हे लिहितानाही कसंसं होतं. पण पांढरी माशी रोपांवर बसू द्यायची नव्हती, ऊन गाळून हवं होतं, आणि घरात तसली जाळी एकच होती. अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे आणले होते. ("वहिनी, कोंबड्या पाळताय की लपवताय?") त्यांच्या वाट्यांत चाळलेलं शेणखत आणि माती भरून, एका वाटीत एकच बी, असे मिरचीचे बारा ट्रे. ते काम मी करत होते तेव्हा आत्याबाई खांबाला टेकून बघत होत्या.

"बी काय औषधाच्या गोळ्या आहेत, एकेक मोजून टाकायला? चिमटीनं टाकावं. जगेल ते जगेल."

चोविसाव्या दिवशी माझी रोपं बोटभर उंच, काळीशार उभी होती. आणि ठकीच्या दंडावर, कपाळावर, कानाच्या पाळीवर डास चावल्याच्या गाठी. रोज सकाळी मी त्या मोजत असे. सात. नऊ. एकदा तेरा. मोजून करणार काय होते, तरी मोजत असे.

"पोरीला डास खातात आणि मिरची झोपते मच्छरदाणीत," आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोक हसत. मीही हसत असे आणि आत जाऊन ठकीच्या कपाळाला हात लावून बघत असे, तापलंय का.

हा सगळा खटाटोप एका शेडसाठी होता.

माझा नवरा स्वतःचा टेम्पो दूध संस्थेसाठी चालवतो. संस्थेनं आता मोठी गाडी घ्यायचं ठरवलं होतं; पुढच्या महिन्यापासून टेम्पो बंद. शहरात एका कारखान्याच्या गाडीवर त्याला काम मिळत होतं. तिथं एक खोली, सार्वजनिक नळ, तिसरा मजला. कठडा किती उंच आहे हे मी त्याला तीनदा विचारलं होतं. आत्याबाई येणार नव्हत्या. "मी तिथं काय करू? गॅलरीत मातीच नसते," एवढंच म्हणाल्या आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

त्याच वेळी संस्थेनं नवा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी दहा दिवसांचा वर्ग काढला. शेवटी प्रत्येकानं आपल्या धंद्याची योजना लिहून समितीपुढे वाचायची. ज्याची योजना पटेल त्याला संस्थेची मागची वासरांची जुनी शेड तीन वर्षं बिनभाड्यानं. छप्पर शाबूत, पाण्याचा नळ, टेम्पो आत जाईल एवढं फाटक.

"मिळाली तर मी रोपं पोचवीन गावोगाव," नवरा म्हणाला. "नाही मिळाली तर एक तारखेला निघायचं. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले?"

"तू रडत नाहीस. तू कठड्याची उंची विचारतेस."

योजनेचा कागद म्हणजे दहा पानांचा छापील फॉर्म. माल काय, गिऱ्हाईक कोण, काम कोण करणार, स्पर्धक कोण, काय बिघडू शकतं. मी तो पेन्सिलीनं भरत होते, म्हणजे खोडता येईल. ठकी दुपारी झोपली की मी तिच्या शेजारी पालथी पडून लिही. एक कान तिच्या श्वासाकडे. खोडरबर ती आधीच चावून ठेवी, त्यामुळे खोडलं की पानावर काळा फराटा उठे आणि पान आणखी मळे.

सोमवारी वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी माझा फॉर्म हातात घेतला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. खूप वेळ वाचत होत्या.

"काय बिघडू शकतं, यात तुम्ही चार पानं जोडलीत."

"हो."

"गारा, उंदीर, मर रोग, नळाचं पाणी खारट निघणं, टेम्पोचं चाक निखळणं." त्यांनी पान उलटलं. "मुलीला गोवर. छपरावर माकड. बाई, हे माकड काय करणार?"

"ट्रे उचलून नेईल."

मागे शिंपीण फिस्सकन हसली. ती आमच्या शेजारची, वर्गात माझ्याच बाकावर बसायची. तिला शेड नको होती, घरातच मशीन वाढवायचं होतं. त्यामुळे तिच्याशी बोलायला बरं वाटायचं.

"आणि गिऱ्हाईक कोण, इथं एकच ओळ," बाई म्हणाल्या. "'गावातले व आसपासचे सर्व शेतकरी.' सर्व कधीच गिऱ्हाईक नसतात. त्यांना आज रोपं कोण देतं? स्पर्धक कोण? इथं तुम्ही लिहिलंय, 'कोणी नाही.'"

"बाजारगावात एक रोपवाटिका आहे, पण लांब. इथं विकणारं खरंच कोणी नाही."

"मग इतकी वर्षं लोक रोपं लावत नव्हते?"

शिंपिणीनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या नखांकडे.

"विचार करा," बाई म्हणाल्या. "शनिवारी समिती हेच विचारील. आणि येताना माल घेऊन या. नुसत्या कागदावर शेड देणार नाहीत."

माल होता. बारा ट्रे. मनात मी ते शनिवारी टेम्पोत कसे लावायचे तेही ठरवलं होतं.

बुधवारी वर्ग लांबला. परत येताना रस्त्यावर मिरचीवाला दादा सायकलवरून समोर आला. दोन एकर मिरची लावणारा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. हँडलला ओलं फडकं बांधलेलं. त्यानं मला बघून हात उंचावला. "वहिनी, लई झ्याक रोपं! मावशींचा हात तो मावशींचाच!"

मला आधी कळलंच नाही. मग पाय आपोआप भराभर पडायला लागले.

पडवीत मच्छरदाणी खांबाला वर गुंडाळून ठेवली होती. खाली ट्रे. एकावर एक नीट रचलेले. रिकामे. वाट्यांत नुसती भोकं, बोटानं उकरल्यासारखी. जमिनीवर माती सांडली होती आणि त्या मातीत ठकी बसून ती चमच्यानं एका डब्यात भरत होती.

आत्याबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच सैल पडलेला.

"आत्याबाई, रोपं?"

"दिली."

"कुणाला?"

"आले होते ना. आठ-दहा जण आले. सकाळपासून दारात माणूस. माझा वाफा तर जळलेला. रिकाम्या हातानं कसं पाठवू?"

"ती माझी होती."

"घरातलीच ना?"

"शनिवारी दाखवायची होती मला! समितीला! मी सांगितलं नव्हतं?"

"समितीला काय, दोन-चार दाखवली तरी भागतं. तू पुन्हा टाक बी. चोवीस दिवसांत येतात, तूच म्हणतेस."

शनिवार तीन दिवसांवर होता. मी ट्रे उचलून बघायला लागले, एक, दुसरा, तिसरा, कुठं एखादं राहिलं असेल म्हणून. नव्हतं. मच्छरदाणी सोडली, झटकली, घडी केली, पुन्हा उलगडली. हाताला काहीतरी हवं होतं.

"कशी उपटलीत? वाटीसकट दिलीत का?"

"वाटीसकट कशी देणार? दिली मुठीनं, नेहमीसारखी. माती झटकून, फडक्यात गुंडाळून."

"माती झटकली." मी रिकामा ट्रे त्यांच्यापुढं धरला. "आत्याबाई, त्या मातीसाठीच तर मी…"

महिनाभर एकेका वाटीत मी एकेका रोपाचं मूळ सांभाळलं होतं ते याचसाठी, की लावताना मूळ हलू नये, ऊन लागू नये. आणि त्यांनी ते झाडून दिलं होतं, माया करून.

त्या संध्याकाळी नवरा टेम्पो लावून आला, ट्रे बघितले, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला बाहेर गेला तो बराच वेळ हातच धूत राहिला. ठकी मात्र मच्छरदाणीत निवांत झोपली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या अंगावरच्या गाठी मोजल्या. नवीन एकही नव्हती. तेही मला टोचलं.

गुरुवारी मी खोडरबर घेऊन बसले. 'कोणी नाही' खोडलं. काळा फराटा उठला. त्यावर, पेन्सिल दाबून लिहिलं: 'माझ्या सासूबाई. तीस वर्षांपासून गावाला फुकट रोपं देतात. त्यांच्यासारखी रोपं कुणाला जमत नाहीत.' रागानं लिहिलं होतं. वाचून बघितलं तर रागाचं काहीच दिसेना, नुसतं खरं दिसत होतं. म्हणून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मिरचीवाला दादा सायकलवर न बसता ती हातानं ढकलत आला. ओलं फडकं त्यानं ओट्यावर ठेवलं. आत सुतळीसारखी रोपं.

"मावशी, बघा."

आत्याबाईंनी बघितलं. हात लावला नाही.

"कधी लावलीस?"

"त्याच संध्याकाळी. पाणी घातलं, फांद्या रोवून आडोसा केला. काल दुपारी बसली सगळी. एक उभं नाही." तो चुळबुळत उभा राहिला. "तुम्हाला दोष देत नाही. फुकटचं होतं. पण रान तयार करून बसलोय हो मी."

दुपारपर्यंत आणखी तिघे. एकजण तर दारातून आतही आला नाही, रस्त्यावरूनच ओरडला, "काकू, हाताचा गुण गेला का ओ?" आणि हसला. गंमतच केली त्यानं, रोजची. पण आत्याबाई उठून आत गेल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं गेले तर त्या धान्याच्या पिंपाशी उभ्या राहून दोन्ही हात उलटसुलट करून बघत होत्या. जाड बोटं, नखांच्या कडांना कायमची काळी रेघ. मी पाणी न पिताच बाहेर आले.

बोलायला हवं होतं. पण काय बोलायचं ते चार पानांत कुठं लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात शिंपिणीनं कुंपणावरून हाक मारली. "अगं, ती माझी सहा बघितलीस का?"

"कसली सहा?"

"मिरची! बुधवारी तुझ्या सासूनं मलाही द्यायला घेतली. मी म्हटलं मूठ नको, उंबऱ्यापाशी डब्यांत लावायचीत. म्हटलं, हे पुठ्ठ्यासकटच द्या. हातात कात्री होतीच, सहा वाट्यांची पट्टी कापून घेतली. दोन-दोन वाट्या करून तशाच पुरल्या."

मी चपला न घालता गेले. तिच्या उंबऱ्यापाशी तेलाच्या तीन जुन्या डब्यांत सहा रोपं उभी होती. सहाच्या सहा. त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात. एकाला नवीन पान फुटलेलं.

शनिवारी समितीपुढे मी तीच सहा घेऊन गेले. शिंपिणीकडून तासभरासाठी मागून. आत्याबाई येणार नव्हत्या, पण ठकीला सकाळपासून अंगात कसकस होती, किंवा मला तशी वाटत होती, आणि ती मला सोडेना. शेवटी आत्याबाई तिला घेऊन आल्या आणि हॉलच्या दाराबाहेर बाकावर बसल्या.

समितीत तिघे. मधे संस्थेचे सचिव, जाड, घामेजलेले, प्रत्येक वाक्याआधी रुमालानं मान पुसणारे. माझ्या आधी अंडीवाल्यानं आपली योजना वाचली. त्याला त्याच शेडमध्ये पिल्लं उबवायची होती. त्याच्याकडे माल होता, गिऱ्हाईक होतं, आवाजही होता. वाचून झाल्यावर तो माझ्या बाजूला येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, शेड मला मिळाली तरी ट्रे तुम्हालाच देईन हां." तो खरंच चांगला माणूस आहे. त्यामुळे जास्तच राग आला.

मी वाचायला लागले. माल, गिऱ्हाईक, काम कोण करणार. मग तो रकाना आला.

"स्पर्धक. माझ्या सासूबाई. तीस वर्षांपासून गावाला फुकट रोपं…"

"बत्तीस," बाहेरून आवाज आला.

सगळे दाराकडे वळले. आत्याबाई ठकीला खांद्यावर टाकून दारात उभ्या होत्या.

"तीस नाही. बत्तीस. लग्नाच्या दुसऱ्या हंगामापासून. लिहायचं तर बरोबर लिही."

हॉलमध्ये हशा पिकला. सचिवांनी मान पुसली, तेही हसत होते. मी पेन्सिलीनं तीसचं बत्तीस केलं. आकडा वाकडा आला.

"मग बाई," सचिव म्हणाले, "घरातच फुकट मिळतं तिथं विकत कोण घेणार?"

मी डबे पुढं सरकवले. बुधवारी काय झालं ते सांगितलं. रोपं कुणी दिली ते सांगितलं नाही, 'चुकून मुठीनं दिली गेली' म्हणाले. दाराकडे बघितलं नाही.

"ही सहा वाटीसकट लावली. बाकी साडेतीनशे मेली. बी तेच, माती तीच."

"खरं आहे," शिंपीण मागून म्हणाली. "माझ्याच दारातली आहेत. आणि परत पाहिजेत मला."

सचिवांनी एक डबा उचलून रोप वाकवून बघितलं. तिघांनी डोकी एकत्र केली. मग म्हणाले, "योजना चांगली आहे. माकडाचं पान सोडून. पण गिऱ्हाईक काही दिसत नाही. तुमच्या गावाला फुकटची सवय आहे, ती आम्हालाही माहीत आहे. बुधवारी चार वाजेपर्यंत वीस जणांच्या सह्या आणा. कोण, कुठलं रोप, किती, विकत घेणार. वीस झाल्या तर किल्ली घेऊन जा. नाही तर शेड अंडीवाल्यांना."

रविवारी सकाळी मी वहीत रेघा मारल्या आणि निघाले. दुपारपर्यंत सात घरं झाली, सही एकच, तीही शिंपिणीच्या दिराची. बाकीच्यांनी पाणी दिलं, ठकीची चौकशी केली, कॉलेजचं कौतुक केलं. "बघू की, वहिनी." "मावशींना विचारतो." "आता त्यांच्या घरातनं विकत घ्यायचं म्हणजे…" वाक्य पुरं कुणी करत नव्हतं.

सोमवारी मी ठकीला तेल चोळत असताना आत्याबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्याला फडकं बांधलेलं, पायात बाहेरच्या चपला.

"चल."

"कुठं?"

"सह्यांना. तुला कोण देणार सही? तुझी अजून कुणाच्या बांधावर उठबस नाही."

आम्ही आधी मिरचीवाल्या दादाकडे गेलो. तो रानात रिकाम्या सऱ्यांमधून उगाच फिरत होता. ऊन चढायला लागलं होतं. ठकीच्या डोक्यावर मी ओला रुमाल टाकला होता आणि दर दहा पावलांनी तो वाळत होता.

"मावशी," तो वरमून म्हणाला, "तुम्ही पण विकायला लागलात?"

आत्याबाईंनी सरीतलं एक ढेकूळ पायानं फोडलं.

"मी नाही. हिचं आहे. माझी मेली, तू बघितलीस. तूच आणून दाखवलीस." मग माझ्याकडे हात केला. "हिची जगली. शिंपिणीच्या दारात जाऊन बघून ये."

"तसं नाही हो, एखाद्या वेळी…"

"वाफ्यात माझी मेली आणि हिचीही मीच मारली. माती झटकून दिली ना मी. हिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता सही कर. किती लागतात तुला?"

दादानं सही केली. आठशे रोपं.

दोन दिवस त्या घरोघर हेच बोलल्या. माझी मेली, हिची जगली. प्रत्येक दारात पहिल्यापासून, तेच शब्द. काही ठिकाणी लोक हसले. एका म्हातारीनं पदरचं घातलं, "तरी मी म्हणायची, एवढा कसला गर्व तो हाताचा!" आत्याबाई "बरं" म्हणाल्या आणि वही तिच्या मुलापुढं धरली. मी दोनदा म्हणाले, आत्याबाई, मी सांगते, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. "तू लिही," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी म्हणाले नाही.

बुधवारी तीन वाजता वहीत एकोणीस नावं होती. विसावा म्हणून ज्याला गाठायचं होतं तो बाजारगावाला गेला होता. नवरा टेम्पो चालू ठेवून दारात हॉर्न वाजवत होता. आम्ही पुढं तिघी एकीवर एक बसलो. वाटेत दोघांना थांबवलं. एकाचं रान वाट्यानं कसायला दिलेलं, दुसरा भिंत रंगवणारा, त्याला रान नव्हतंच.

"नाव घाल की त्याचं," नवरा म्हणाला. "कोण बघतंय?"

"कुठं लावणार तो रोपं? शिडीवर?" आत्याबाई म्हणाल्या.

संस्थेत पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारला सहा मिनिटं कमी. अंडीवाला बाकावर बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, जागा दिली. मी बसले नाही. सचिवांनी वही घेतली, बोट लावून एकेक नाव वाचलं. शेवटच्या ओळीखाली बोट थांबलं.

"एकोणीस."

"उद्या सकाळी एक नक्की…"

"बाई, चार म्हणजे चार. यांनाही मी तेच सांगितलंय." त्यांनी अंडीवाल्याकडे मान केली. तो जमिनीकडे बघायला लागला. मला एकदम तिसऱ्या मजल्याचा तो कठडा दिसला, न बघितलेला, आणि त्याच्या गजांमधून ठकीचा हात.

आत्याबाईंनी ठकीला माझ्याकडे दिलं. टेबलापाशी गेल्या. कडेला दूध घालणाऱ्यांच्या अंगठ्यासाठी शाईचं पॅड होतं, ते त्यांनी स्वतःच उघडलं.

"तुम्ही?" सचिव म्हणाले. "तुमचं नाव तर स्पर्धकात आहे!"

"असू दे तिथं. तेही खरंच आहे." अंगठा त्यांनी शाईवर दाबला. "माझा वाफा जळालाय. मला रोपं लागणार नाहीत का?"

"घरच्या घरात गिऱ्हाईक?"

"घरच्यांनी घ्यायचं नाही असं कुठं लिहिलंय का तुमच्या कागदात? असेल तर दाखवा."

सचिवांनी बाजूच्या दोघांकडे बघितलं. एकानं खांदे उडवले. सचिवांनी रुमालानं मान पुसली आणि वही त्यांच्यापुढं सरकवली. आत्याबाईंनी विसाव्या ओळीवर अंगठा ठेवला, दाबला, उचलला. कडेला मातीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

"कुठलं रोप? किती?" सचिवांनी माझ्याकडे बघून विचारलं. लिहायचं माझ्याकडे होतं.

मी आत्याबाईंकडे वळले. पेन्सिल हातात, ठकी कडेवर.

"मिरची," त्या म्हणाल्या. शाईचा अंगठा फडक्याला पुसत होत्या, पुसला जात नव्हता. "दोनशे. वाटीसकट." मग दाराकडे जाता जाता मागं न बघता म्हणाल्या, "आणि मूठ नको. मोजून दे."